वेस्टमिन्स्टरचा कौल: ३१ विरुद्ध २३

६ मे २०२२ च्या पहाटे लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर सिटी कौन्सिलचे निकाल पूर्ण झाले. एकूण जागा ५४. मजूर पक्ष ३१, हुजूर पक्ष २३. १९६४ साली या पालिकेची पहिली निवडणूक झाली, तेव्हापासून तिथे हुजूर पक्षाखेरीज दुसऱ्या कुणाचीही सत्ता आली नव्हती. पार्लमेंट, बकिंगहॅम राजवाडा, पंतप्रधानांचं १० डाउनिंग स्ट्रीट, मेफेअरच्या हवेल्या, सोहोच्या गल्ल्या आणि क्रिकेटवेड्यांचं लॉर्ड्‌स हे सगळं याच पालिकेच्या हद्दीत येतं. तिथे अठ्ठावन्न वर्षांनी सत्तापालट झाला.

या बातमीचा पहिला अर्थ सरळ होता: देशात बोरिस जॉन्सन यांच्या सरकारवर लोक नाराज होते आणि ती नाराजी स्थानिक मतपेटीत उतरली. तो अर्थ खोटा नाही, पण अपुरा आहे. स्थानिक निवडणुकीचा निकाल नुसत्या जागांच्या बेरजेत सापडत नाही. मतं कुठल्या वॉर्डात पडली, नियमांनी त्यांचं जागांमध्ये रूपांतर कसं केलं आणि निवडून आलेल्यांनी मिळालेल्या सत्तेचं पुढे काय केलं, या तिन्ही गोष्टी पाहिल्याशिवाय तो कळत नाही. वेस्टमिन्स्टरच्या इतिहासात हे तिन्ही धडे एकाच ठिकाणी मिळतात. त्यातला तिसरा तर इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत जाऊन आलेला आहे.

बरो म्हणजे नेमकं काय

लंडन हे एक शहर असलं तरी त्याची पालिका एक नाही. १९६३ च्या कायद्याने महानगराचे ३२ बरो केले आणि १ एप्रिल १९६५ पासून त्यांचा कारभार सुरू झाला. शहराच्या मध्यभागी असलेली पुरातन ‘सिटी ऑफ लंडन’ त्याहून वेगळी. वेस्टमिन्स्टर, पॅडिंग्टन आणि सेंट मेरिलबोन या तीन जुन्या बरोंचं एकत्रीकरण होऊन आजचा वेस्टमिन्स्टर तयार झाला. त्याला शहराचा दर्जाही असल्याने तिथल्या पालिकेला सिटी कौन्सिल म्हणतात.

मेट्रो, बस आणि पोलीस यांची वरची व्यवस्था संपूर्ण लंडनचा महापौर पाहतो. माणसाच्या रोजच्या जगण्याला भिडणारी बरीच कामं मात्र बरोकडे असतात: कचरा, गल्लीतले रस्ते, पार्किंग, वाचनालयं, बांधकाम परवाने, दारूची दुकानं आणि उपाहारगृहांचे परवाने, वृद्ध व अपंगांची देखभाल, पालिकेच्या मालकीची भाड्याची घरं आणि बेघरांना निवारा. त्यासाठी बरो स्वतःचा ‘कौन्सिल टॅक्स’ लावतो. आपल्या घरपट्टीचा तो चुलतभाऊ म्हणावा. कारभार नगरसेवकांमधून निवडलेल्या ‘लीडर’च्या हाती असतो. वेस्टमिन्स्टरला लॉर्ड मेयर आहे, पण ते मानाचं पद आहे.

२०२१ च्या जनगणनेत वेस्टमिन्स्टरची लोकसंख्या सुमारे २ लाख ४ हजार होती आणि नगरसेवक ५४. म्हणजे साधारण ३,८०० माणसांमागे एक नगरसेवक. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख आणि नगरसेवक २२७, म्हणजे सुमारे ५५ हजारांमागे एक. या एका फरकामुळे तिथल्या निवडणुकीचं रूपच बदलतं. तिथला उमेदवार खरोखरच घरोघरी जाऊन दार वाजवू शकतो आणि तीस-चाळीस मतांनी वॉर्ड जाऊ किंवा येऊ शकतो.

या मतदानात मराठी माणसालाही जागा आहे. ब्रिटनच्या स्थानिक निवडणुकीत ब्रिटिश नागरिकांबरोबर राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकांनाही मत देता येतं. भारताचा पासपोर्ट असलेला, कायदेशीरपणे तिथे राहणारा पुण्याचा किंवा कोल्हापूरचा अभियंता मतदारयादीत नाव नोंदवून आपल्या बरोचा नगरसेवक निवडू शकतो. त्यासाठी ब्रिटिश नागरिकत्व घेण्याची गरज नाही. तिथे नव्याने गेलेल्या अनेकांना हा हक्क ठाऊकच नसतो, आणि तीस-चाळीस मतांवर जिथे निकाल फिरतो तिथे हे अज्ञान महागात पडतं.

तीन फुल्या आणि त्यांचं गणित

२०२२ च्या निवडणुकीसाठी वेस्टमिन्स्टरचे १८ वॉर्ड होते आणि प्रत्येकातून तीन नगरसेवक निवडायचे होते. मतदाराला एकच कागदी मतपत्रिका मिळते. सगळ्या पक्षांचे सगळे उमेदवार त्याच यादीत असतात. त्यातल्या जास्तीत जास्त तिघांपुढे फुली मारायची. सर्वाधिक मतं मिळवणारे पहिले तिघे निवडून येतात.

महाराष्ट्रात मुंबईबाहेरच्या महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत, पण त्यांची रीत वेगळी आहे. आपल्याकडे प्रभागातल्या अ, ब, क, ड अशा जागा स्वतंत्र असतात. प्रत्येकीचं आरक्षण वेगळं, उमेदवार वेगळे आणि मतही वेगळं. लंडनमध्ये तिन्ही जागांसाठी एकच सामायिक शर्यत असते.

या रीतीचा परिणाम मोठा होतो. एक काल्पनिक वॉर्ड घ्या. तिथे एका पक्षाचे १,३५० पाठीराखे, दुसऱ्याचे १,३०० आणि तिसऱ्याचे ३५०. प्रत्येकाने आपापल्या पक्षाच्या तिघांना मत दिलं, तर पहिल्या पक्षाच्या तिन्ही जागा येतात. निम्म्याहून जास्त मतदारांनी त्याला नाकारलेलं असूनही वॉर्डातला सगळा आवाज त्याचाच होतो. हेच चित्र सगळ्या वॉर्डांत उमटलं, तर सभागृहात विरोधकच उरत नाहीत. पूर्व लंडनमधल्या न्यूहॅममध्ये २०१० साली मजूर पक्षाने ६० पैकी ६० जागा जिंकल्या. बार्किंग अँड डॅगेनहॅममध्ये त्याच वर्षी ५१ पैकी ५१. तिथे विरोधात मत देणारे हजारो लोक होते, पण त्यांच्या वतीने सभागृहात प्रश्न विचारायला एकही माणूस नव्हता. स्कॉटलंडने हा दोष ओळखून २००७ पासून स्थानिक निवडणुकांसाठी पसंतीक्रमाची, प्रमाणशीर पद्धत स्वीकारली. इंग्लंडमध्ये जुनीच चालू आहे.

म्हणून ‘३१ विरुद्ध २३’ हा आकडा सबंध शहराच्या पसंतीचं प्रमाण सांगत नाही. काठावरचे वॉर्ड कुणीकडे झुकले, एवढंच तो सांगतो. उत्तरेकडच्या हॅरो रोडलगतच्या कामगार वस्तीत मजूर पक्षाला आणखी हजार मतं पडली असती, तरी एकही जागा वाढली नसती. नाइट्सब्रिजसारख्या भागात हुजूर पक्षाचंही तसंच. निकाल ठरतो तो मधल्या पाच-सहा वॉर्डांत. हे गणित सत्ताधाऱ्यांना चांगलंच कळतं. वेस्टमिन्स्टरमध्ये ते कुणाला तरी जरा जास्तच चांगलं कळलं होतं.

१९८६: काठावर वाचलेली सत्ता

मे १९८६ मध्ये वेस्टमिन्स्टरमध्ये हुजूर पक्षाला ६० पैकी ३२ जागा मिळाल्या. मजूर पक्षाला २७ आणि एक अपक्ष. आधी २६ जागांची असलेली आघाडी चारवर आली होती. मार्गारेट थॅचर यांचं सरकार ज्या भागातून देशाचा कारभार करत होतं, त्याच भागाची पालिका विरोधकांकडे जाता जाता राहिली होती.

तेव्हा पालिकेच्या लीडर होत्या डेम शर्ली पोर्टर. टेस्को ही दुकानांची साखळी उभी करणारे जॅक कोहेन यांच्या त्या कन्या. काठावरचा निकाल आला की सत्ताधाऱ्यापुढे दोन वाटा असतात. आपल्याला नाकारणाऱ्यांचं म्हणणं ऐकून कारभार सुधारायचा, ही एक. पोर्टर आणि त्यांच्या निकटच्या सहकाऱ्यांनी दुसरी निवडली: मतदारच बदलायचे.

त्यांनी आठ वॉर्ड हेरले. बेझवॉटर, मेडा व्हेल आणि मिलबँक इथे पक्ष थोडक्यात हरला होता. सेंट जेम्सेस, व्हिक्टोरिया आणि कॅव्हेंडिश थोडक्यात हाती राहिले होते. वेस्ट एंडमध्ये अपक्षाने जागा घेतली होती आणि हॅमिल्टन टेरेसमध्ये तिसऱ्या पक्षाचं आव्हान उभं राहत होतं. धोरणाला नाव दिलं ‘स्थिर समाजांची उभारणी’. पालिकेची भाड्याची घरं रिकामी झाली की ती दुसऱ्या गरजू भाडेकरूला न देता विकून टाकायची, असा त्याचा गाभा होता. वर्षाला ५०० घरं विकायची आणि त्यातली २५० या आठ वॉर्डांत, असं लक्ष्य ठरलं. त्यामागचा हिशेब असा की पालिकेचा भाडेकरू बहुधा मजूर पक्षाला मत देतो, तर स्वतःचं घर विकत घेणारा हुजूर पक्षाला.

फक्त आठ वॉर्डांतलीच घरं विकता येणार नाहीत, असा सल्ला वकिलाने दिला. मग विक्री संपूर्ण शहरात लागू असल्याचं दाखवलं गेलं, पण घरांची निवड अशी केली की भार त्या आठ वॉर्डांवरच राहावा. त्याच काळात पालिकेकडे आसरा मागणाऱ्या बेघर कुटुंबांची रांग लांबत होती. काही कुटुंबांना हर्मिस पॉइंट आणि चँट्री पॉइंट या टोलेजंग इमारतींत ठेवलं गेलं. त्या इमारतींत ॲस्बेस्टॉस होतं. विकलेलं प्रत्येक घर म्हणजे अशा कुणाला तरी न मिळालेलं घर होतं. धोरणाची खरी किंमत त्या माणसांनी मोजली.

मे १९९० मध्ये हुजूर पक्षाने ६० पैकी ४५ जागा जिंकल्या, मजूर पक्षाला १५ मिळाल्या. हेरलेल्या आठपैकी सात वॉर्ड पक्षाच्या पदरात पडले. त्या वर्षी इंग्लंडमध्ये माणशी कर, म्हणजे ‘पोल टॅक्स’, नव्याने लागू झाला होता आणि त्यावरून देशभर संताप होता. वेस्टमिन्स्टरमध्ये तो माणशी १९५ पाउंड, देशाच्या सरासरीच्या जवळपास निम्मा होता. त्यामुळे या विजयात कमी कराचा वाटा मोठा होता, हे मान्य करायला हवं. पण धोरण बेकायदा ठरायला ते यशस्वी व्हावं लागत नाही.

हिशेब तपासणारा आणि न्यायालय

इंग्लंडच्या कायद्यात एक जुना हक्क आहे. आपल्या पालिकेचे वार्षिक हिशेब कुठल्याही स्थानिक मतदाराला पाहता येतात आणि त्यातल्या बाबींवर लेखापरीक्षकाकडे आक्षेप नोंदवता येतो. १९८९ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमाने हे प्रकरण लोकांपुढे आणलं आणि वेस्टमिन्स्टरच्या काही मतदारांनी हा हक्क वापरला. जॉन मॅगिल हे तेव्हाचे लेखापरीक्षक. त्यांनी काही वर्षं कागदपत्रं धुंडाळली, माणसांच्या जबान्या घेतल्या आणि १९९६ मध्ये निष्कर्ष दिला: हे धोरण बेकायदा होतं आणि पालिकेचं झालेलं नुकसान जबाबदार व्यक्तींकडून वसूल करावं.

प्रकरण न्यायालयात गेलं. उच्च न्यायालयाने पोर्टर आणि उपनेते डेव्हिड वीक्स यांच्याविरुद्धचा निष्कर्ष कायम ठेवला. १९९९ मध्ये अपील न्यायालयाने तो दोन विरुद्ध एक मताने उलटवला. डिसेंबर २००१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, तो एकमताने पुन्हा उभा केला. व्याज आणि खर्च धरून वसुलीची रक्कम सुमारे ४ कोटी २० लाख पाउंडांपर्यंत पोचली. अखेर २००४ मध्ये पोर्टर यांनी १ कोटी २३ लाख पाउंड भरून तडजोड केली. आपलं चुकलं, असं त्यांनी कधी मान्य केलं नाही. ही वसुली करणारी पालिका त्यांच्याच पक्षाच्या हातात होती, हेही नोंदवण्यासारखं आहे.

या निकालातला विचार आपल्या नगरसेवकांनी आणि मतदारांनी समजून घेण्याजोगा आहे. लोकप्रतिनिधीने मतं मिळवण्याची इच्छा धरावी, यात न्यायाधीशांना काहीच वावगं वाटलं नाही. चांगली कामं करावीत, लोकांना आवडतील अशी धोरणं राबवावीत आणि त्याचं फळ मतांत मिळेल अशी आशा ठेवावी. लोकशाही त्यावरच चालते. पण कायद्याने दिलेला अधिकार हा त्या कायद्याच्या हेतूसाठी दिलेला विश्वस्ताचा अधिकार असतो. घरांबद्दलचा अधिकार घरांचा प्रश्न सोडवण्यासाठी आहे. तो पक्षाला निवडणुकीत फायदा व्हावा या हेतूने वापरला, तर तो गैरवापर ठरतो. लोकांना आवडावं म्हणून रस्ता नीट करणं हे राजकारण आहे. आपल्याला मत न देणाऱ्यांना वॉर्डात घरच मिळू नये, अशी तजवीज करणं हा गुन्ह्याइतकाच गंभीर विश्वासघात आहे.

दरम्यान सन २००० च्या कायद्याने नगरसेवकांकडून वैयक्तिक वसुली करण्याची ही तरतूदच काढून टाकली. लेखापरीक्षकांच्या कामावर देखरेख ठेवणारा ऑडिट कमिशनही २०१५ मध्ये बंद झाला. मतदारांचा आक्षेपाचा हक्क मात्र आजही शाबूत आहे. माझ्या मते वैयक्तिक वसुली आणि हा कमिशन या दोन गोष्टी गमावून इंग्लंडने आपलंच नुकसान करून घेतलं. मतदान चार वर्षांतून एकदा होतं. मधल्या काळात सत्तेला वेसण घालणारी माणसं आणि नियम हीच नागरिकाची ताकद असते.

२०२२: बालेकिल्ला कसा पडला

पोर्टर प्रकरणानंतरही हुजूर पक्ष जिंकतच राहिला. २०१८ मध्येसुद्धा ६० पैकी ४१ जागा त्याच्याकडे आणि १९ मजूर पक्षाकडे होत्या. मग चार वर्षांत असं काय घडलं?

एक कारण राष्ट्रीय. कोविडच्या टाळेबंदीत डाउनिंग स्ट्रीटवर झालेल्या मेजवान्यांची प्रकरणं बाहेर आली होती आणि महागाई वाढत होती. दुसरं कारण अगदी स्थानिक. टाळेबंदीनंतर ऑक्सफर्ड स्ट्रीटवर गिऱ्हाइकांनी परतावं म्हणून पालिकेने मार्बल आर्चजवळ २५ मीटर उंचीची कृत्रिम टेकडी उभारली. जुलै २०२१ मध्ये ती उघडली तेव्हा झाडं सुकलेली होती, वर चढून फारसं काही दिसत नव्हतं आणि लोक तिकिटाचे पैसे परत मागत होते. खर्च अंदाजलेल्या ३३ लाख पाउंडांवरून ६० लाखांवर गेला. उपनेत्यांना राजीनामा द्यावा लागला आणि जानेवारी २०२२ मध्ये टेकडी बंद झाली. काटकसरीने कारभार आणि कमी कर हीच ज्या पक्षाची मोठी ओळख होती, त्याच्या नावाला या टेकडीने धक्का दिला.

तिसरं कारण सीमांचं. त्या निवडणुकीआधी वॉर्डांची फेररचना होऊन २० चे १८ वॉर्ड आणि ६० च्या ५४ जागा झाल्या. हे काम ना पालिकेने केलं, ना सरकारने. ते इंग्लंडच्या स्वतंत्र सीमा आयोगाचं काम आहे. नव्या रचनेत मजूर पक्षाने मेफेअर आणि सोहो सामावणाऱ्या वेस्ट एंड वॉर्डातल्या तिन्ही जागा जिंकल्या. १९८६ नंतर हेरलेल्या आठ वॉर्डांपैकी हा एक. ॲडम हग पालिकेचे लीडर झाले.

त्याच रात्री वाँड्सवर्थ ४४ वर्षांनी मजूर पक्षाकडे गेला आणि उत्तरेकडचा बार्नेटही. पण नुसती राष्ट्रीय लाट असती, तर हॅरोचं काय? भारतीय वंशाची मोठी वस्ती असलेला हा बरो त्याच दिवशी उलट्या दिशेने गेला: हुजूर पक्ष ३१, मजूर पक्ष २४. टॉवर हॅम्लेट्समध्ये तर ‘ॲस्पायर’ या स्थानिक पक्षाने ४५ पैकी २४ जागा घेऊन मजूर पक्षाला घरी बसवलं. एकाच शहरात, एकाच दिवशी, वेगवेगळ्या बरोंनी वेगवेगळं उत्तर दिलं, कारण प्रत्येक ठिकाणचा प्रश्न वेगळा होता. आणि कौल कायमचा नसतो, हेही लवकरच दिसलं. सप्टेंबर २०२४ मध्ये वेस्ट एंडमध्येच पोटनिवडणूक झाली आणि ती जागा हुजूर पक्षाने परत घेतली.

आपण काय पाहावं

मे २०२२ मध्ये लंडनकरांनी ठरलेल्या तारखेला मतदान केलं. मुंबई महापालिकेची मुदत त्याआधी दोन महिने, मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला होता. तिथे पुढचं मतदान व्हायला जानेवारी २०२६ उजाडावा लागला. दरम्यान जागा २२७ च्या २३६ करायचं ठरलं आणि सरकार बदलताच पुन्हा २२७ झाल्या. बाकीच्या शहरांतही प्रभाग २०१२ मध्ये दोन सदस्यांचे, २०१७ मध्ये चारांचे, २०२१ च्या निर्णयाने तिघांचे आणि २०२२ मध्ये पुन्हा चारांचे झाले. कुठल्या पक्षाने काय केलं, हा इथे मुद्दा नाही. शर्यतीत धावणाऱ्यांनीच मैदान आखू नये, हा आहे.

म्हणून पुढच्या वेळी आपल्या पालिकेचा निकाल लागेल, तेव्हा जागांच्या आकड्यावर थांबू नये. आपल्या प्रभागात किती मतांनी निकाल लागला ते पाहावं. हरलेल्यांना किती मतं पडली आणि त्यांच्या वतीने सभागृहात कोण बोलणार, ते विचारावं. सीमा कुणी आखल्या, ते तपासावं. आणि निकालानंतरची चार-पाच वर्षं पाणी, रस्ते, घरं आणि निधी कुठल्या प्रभागात जातो आणि कुठल्या प्रभागात अडतो, यावर नजर ठेवावी. वेस्टमिन्स्टरच्या त्या मतदारांनी हिशेबावर आक्षेप घेतला तेव्हा त्यांच्या हातात सत्ता नव्हती आणि पालिकेतलं बहुमतही त्यांच्या विरोधात होतं. एक अर्ज, काही कागद आणि बारा-पंधरा वर्षं टिकणारा चिवटपणा एवढ्या बळावर त्यांनी आपल्या पालिकेचे पैसे परत मिळवले. आपल्याकडे माहितीचा अधिकार आहे, लेखापरीक्षण अहवाल आहेत, न्यायालयं आहेत. ती साधनं हाती घेणारा नागरिक निवडणुकीच्या दिवसाइतकाच बाकीच्या दिवशीही मतदार असतो.